मळ्यातली विहीर

“बोअरवरच करून घ्या की. पाणी ते पाणीच.”

समोरच्या काकू बागेच्या फाटकात उभ्या राहून एका बाईला समजावत होत्या. बाईच्या हातात घुगऱ्यांचं ताट आणि तांब्या. मागे तिची लेक, कानाला रुमाल बांधलेली, कुंचीतलं बाळ छातीशी धरून. मी आमच्या पायऱ्यांवर बसून ऐकत होते.

“बोअरमदी वाकून बघता येतंय का, ताई?” बाई म्हणाली. “सव्वा महिना झाला पोरीला. ईहीर पुजल्याबिगर पाणी भरता येत न्हाई. थोरलीचं बी इथंच केलतं.”

“जाळीला कुलूप आहे. चावी अध्यक्षांकडे, ते गावाला गेलेत. उद्या या.”

“आज सांजच्याला सासरचे न्यायला येणार हायत.”

काकूंचंही चुकत नव्हतं. त्यांचा नातू मागच्या सुट्टीत विहिरीच्या कठड्यावर चढला होता. जाळी त्यानंतर बसली. तेव्हापासून त्या बागेकडे पाहतात तेव्हा आधी कुलूपच पाहतात.

आमची कॉलनी डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनिअरांची. माझ्या जन्माआधी इथे ज्वारी होती. मळा या बाईच्या सासऱ्यांचा. प्लॉट पडले आणि विहीर बागेच्या वाट्याला आली. आमच्या स्लॅबवर तिचंच पाणी मारलं, असं बाबा सांगतात. जुने रिक्षावाले अजून विचारतात, “मळ्यात सोडू का?” शाळेत मी मात्र कॉलनीचं इंग्रजी नावच सांगायचे. मळा म्हटलं तर मुली हसतील असं वाटायचं.

“चल माय,” बाई लेकीला म्हणाली. लेक हलली नाही. ती जाळीकडे बघत राहिली.

अध्यक्ष म्हणजे माझेच बाबा. चावी फ्रीजवरच्या वाटीत होती. मला ते पहिल्या वाक्यापासून माहीत होतं, आणि तरी मी एवढा वेळ बसून राहिले होते.

चावी घेऊन मी फाटकापर्यंत गेले. तिघी माझ्याकडे बघू लागल्या. काकूंनी चावी ओळखली. त्यांचा चेहरा उतरला. रागाने नाही, भीतीने.

मी कुलूप काढलं आणि म्हणाले, “काकू, जाळी जड आहे. एक बाजू तुम्ही धराल? पूजा होईपर्यंत आपण दोघी इथेच थांबू.”