पिवळ्या साटीनखालच्या बायका

फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी दुपारी तीन वाजता नवा रायपूरमधल्या एका कलादालनात शुभांगीताईच्या चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन होणार होतं. ते झालं नाही. चित्रं मात्र पाहिली गेली.

शुभांगीताई माझी मावसबहीण. लग्न होऊन नागपुराहून रायपूरला आली, शाळेत चित्रकला शिकवू लागली आणि स्वतःची चित्रं कपाटामागे उभी करून ठेवत गेली. हे तिचं पहिलं प्रदर्शन. म्हणून पहाटेच्या गाडीने नागपूर सोडलं. गोंदियापर्यंत अंधार होता. डोंगरगडची टेकडी उजेडात दिसली. पुढे कापणी झालेली धानाची शेतं, मग भिलाईची धुराडी, आणि चहा थंड व्हायच्या आत रायपूर.

ताईचं घर तात्यापाऱ्यात आहे. पारा म्हणजे वस्ती, आणि ही जुन्या मराठी कुटुंबांची. खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं, अशी जुन्या शहराची रचना. नाश्त्याला चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) आणि टमाट्याची चटणी होती. खाताना ताईने प्रदर्शनाची हकीकत सांगितली. चित्रं शेजारणींची आहेत. कोणी तांदूळ निवडते आहे, कोणी फणस कापते आहे, कोणी नुसतीच बसली आहे. ज्या बायका चित्रांत आहेत त्यांनी ती अजून पाहिलेली नाहीत, कारण ताई अपुरं काम दाखवत नाही, आणि पुरं झालेलं काम दालनाचा टेम्पो घेऊन गेला.

"घरी पाहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, छान आहे, आणि पोळ्या करायला गेल्या असत्या," ताई म्हणाली. "भिंतीवर टांगलेलं पाहावं त्यांनी. दालनाच्या भिंतीवर."

तिची घाई एकाच बाईसाठी होती. शेजारच्या कुसुमकाकू दोन दिवसांनी मुलाकडे हैदराबादला कायमच्या जाणार होत्या. घर विकलं होतं. काकू चित्रासाठी बसल्या त्या एकाच अटीवर: झालं की मले दाखवायचं.

जायला शाळेची बस मिळाली होती. चालक संतोष भैया यांनी निघण्यापूर्वीच बजावलं की पाच वाजता बस परत फिरणार. संध्याकाळी बीरगांवहून एक वरात न्यायची होती. बोनेटवर झेंडूच्या माळा आधीच बांधलेल्या होत्या. अशा सजलेल्या बसमधून तात्यापाऱ्याच्या बायका आपली चित्रं पाहायला निघाल्या. चौकातल्या एका दुकानदाराने मुलगी कोणाची, असं विचारलं.

नवा रायपूर राजधानीसाठी आखून बांधलेलं शहर आहे. रस्ते इतके रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. अर्थात पलीकडे माणूस नसतो. बसथांबे नवे, स्वच्छ आणि सावलीचे आहेत. बस क्वचित येते, त्यामुळे ते स्वच्छ राहतात. झुडपं एका उंचीवर कापलेली. मैलभर एकच माणूस दिसला. तो झुडपं कापत होता.

"इथं भाजी कुठं घेतेत?" मागच्या बाकावरच्या मंगलाबाईंनी विचारलं. त्या रेल्वे क्वार्टरमधून तात्यापाऱ्यात राहायला आलेल्या.

"इथं लोक राहात नाही, मंगला," काकू म्हणाल्या. "हापिसं राहतेत."

दालनाची इमारत काचेची आहे. दारातच एक मोठा फलक होता: आगामी प्रदर्शने आणि विशेष कलावंत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंते आहेत, ते धरणं रंगवतात. एका वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या पत्नी आहेत, त्या निळी वर्तुळं काढतात आणि मालिकेचं नाव 'अंतर्यात्रा' आहे. बस्तरचा एक धातुकलाकार आहे, त्याचा फोटो नाही. तिघांच्याही परिचयात एक वाक्य सारखं होतं: यांच्या कलाकृती परंपरा आणि आधुनिकता यांच्यात संवाद साधतात. चौथा परिचय शुभांगीताईचा. तिच्याही कलाकृती संवाद साधत होत्या. मी ते काकूंना मराठीत वाचून दाखवलं.

"मी तर त्या दिवशी तोंडातून शब्द नाही काढला," काकू म्हणाल्या.

आत गेलो तेव्हा भिंतींवर चित्रं नव्हती. पिवळे पडदे होते. प्रत्येक चित्रावर साटीनचं कापड आणि बाजूला गोंड्याची दोरी. याचं कारण समन्वयक नेहाजींनी समजावून सांगितलं, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पूर्वी दालनात फीत कापली जायची. पाहुणे फीत कापत आणि तिथूनच चहाकडे वळत. चित्रांकडे कोणी फिरकत नसे. मग दालनाने ठरवलं की प्रत्येक चित्रावर पडदा लावायचा आणि प्रत्येक पडदा पाहुण्यांनीच ओढायचा. आता पाहुणे पूर्ण दालन फिरतात आणि प्रत्येक चित्रापाशी त्यांचा फोटो निघतो. पाहुण्यांच्या आधी कोणी चित्र पाहायचं नाही, हे त्यातच आलं. चित्रकारानेही नाही.

काकू आपल्या नावाच्या चिठ्ठीपाशी उभ्या राहिल्या. वर पिवळं कापड होतं.

"काहून शुभांगी, जित्या माणसाच्या तोंडावर फडकं टाकते का कोनी?"

"काकू, मी नाही टाकलं. इथली पद्धत आहे."

"मग मसनघाटावर लावा म्हना पद्धत."

नेहाजींना मराठी कळत नव्हतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बस, सर निकल चुके हैं."

सर म्हणजे प्रमुख पाहुणे. साडेतीनला ते निघाले होते. चारला ते निघतच होते. सव्वाचारला त्यांच्या स्वीय सहायकाचा फोन बंद होता. दरम्यान बायकांनी बसायला जागा शोधली. दालनात खुर्च्या फक्त पाहुण्यांच्या रांगेत होत्या आणि त्यांवर नावं चिकटवलेली होती. मंगलाबाई एका सिमेंटच्या ठोकळ्यावर बसल्या. सुरक्षारक्षक धावत आला.

"दीदी, ये मूर्ति है."

"कोनाची?"

रक्षकाने चिठ्ठी वाचली. "लिखा है, प्रतीक्षा."

"मग बरोबर बसली मी," मंगलाबाई म्हणाल्या, पण उठल्या. मग सगळ्या खाली फरशीवर बसल्या आणि डबे उघडले. सांबारवडी होती, म्हणजे आपली कोथिंबिरीची वडी, विदर्भाच्या पद्धतीने खसखस आणि खोबरं भरलेली. रक्षकाने सांगितलं की इथे खायला मनाई आहे. काकूंनी त्याच्या हातावर दोन वड्या ठेवल्या आणि गाव कोणतं, असं विचारलं. अभनपूरकडचं एक गाव होतं. नंतर मनाईचा विषय निघाला नाही.

साडेचारला संतोष भैया दारात आले आणि घड्याळाकडे बोट केलं. ताई नेहाजींकडे गेली. आवाज न चढवता तिने हिंदीत सांगितलं की ही बस गेली की दुसरी नाही, आणि ज्यांची चित्रं आहेत त्यातली एक बाई परवा शहर सोडते आहे. फक्त तिचा पडदा काढू द्या, आम्ही परत लावतो.

नेहाजी म्हणाल्या, "मैम, अगर सर आ गए और एक पर्दा खुला मिला, तो अगले साल आपका क्या, किसी का शो नहीं होगा." फोन वाजला आणि त्या पोर्चमध्ये गेल्या.

काकू उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. रक्षक पुढे झाला.

"अम्मा, पर्दा नहीं खींचना है."

"नहीं खींचती, भैया. हात भी नहीं लगाती डोरी को."

असं म्हणून त्यांनी कापडाची खालची कड उचलली, मान वाकवली आणि पडद्याच्या आत शिरल्या. बाहेर कमरेखालचं हिरवं लुगडं तेवढं राहिलं. रक्षक नियम आठवत उभा राहिला. पडदा काढायचा नाही, असा नियम होता. पडद्याच्या आत जायचं नाही, असा नव्हता.

"हव," तो शेवटी म्हणाला. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. मग त्याने तोंड दाराकडे केलं.

"अंधार आहे," आतून आवाज आला. "कोनी उजेड द्या."

ताईने फोनची बत्ती लावून आत सरकवली. पिवळं कापड आतून उजळलं आणि काकूंच्या डोक्याची सावली त्यावर आली. मंगलाबाई आपल्या चित्राकडे गेल्या आणि शिरल्या. मागोमाग बाकीच्या, आपापल्या फोनच्या उजेडात. थोड्या वेळात दालनाच्या दोन्ही भिंतींना साटीनच्या खाली बायकांचे पाय उभे होते, आणि पडद्यांच्या आतून बोलणी चालू होती.

"माह्या हातात कोयता काहून दिला?"

"तू फणस कापून राहिली होती, म्हणून."

"नाक मोठं काढलं, बाई."

"आहेच."

काकू अजून आतच होत्या. ताई बाहेर उभी होती. हात मागे बांधलेले, शाळेत परीक्षेला उभी राहावी तशी. काकू निघाल्या तेव्हा पदर डोक्यावरून घसरला होता.

"रागावलेली दिसून राहिली मी," त्या म्हणाल्या.

"होत्याच रागावलेल्या. त्या दिवशी सिलेंडर संपला होता."

काकूंनी विचार केला. "हो. संपला होता."

"बदलू का?"

"काही बदलू नको. इतकी वर्षं त्या घरात राग केला, कोनी लक्षात नाही ठेवला. तू ठेवला." मग त्यांनी कापडाची कड सरळ केली, चुणी हाताने मोडली. "चाल, त्याची वरात राहून जाईन."

नेहाजी परत आल्या तेव्हा पडदे जागेवर होते आणि बायका दाराशी. सरांचा दौरा रद्द झाल्याचं त्यांनी सांगितलं. पुढची तारीख कळवणार होते. पाहुण्यांसाठी आणलेला गुच्छ त्यांनी ताईच्या हातात दिला, मग थांबून परत घेतला. तो पुढच्या तारखेलाही चालला असता.

परतीच्या वाटेवर बसमध्ये झगडा झाला. कोणाचं चित्र चांगलं, यावरून. मंगलाबाईंचं म्हणणं होतं की काकूंना वशिल्याने मोठी चौकट मिळाली. काकूंनी ते नाकारलं नाही. शहर लागलं तशी संतोष भैयांनी गाण्याचा आवाज वाढवला आणि झगडा ओरडून चालू राहिला. रात्रीच्या गाडीने मी नागपूरला आलो.

पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता चित्रांचं अनावरण झालं. ताईला आदल्या संध्याकाळी फोन आला होता. शाळेत परीक्षा सुरू असल्याने ती गेली नाही. शुक्रवारच्या पेपरात फोटो आहे. पाहुण्यांच्या हातात दोरी आहे, शेजारी नेहाजी गुच्छ घेऊन उभ्या आहेत, आणि पाहुण्यांच्या खांद्यामागून काकूंचा अर्धा चेहरा दिसतो. काकू मंगळवारी हैदराबादला गेल्या.