भाऊंनी धरण ओलांडलं

१८ जानेवारी, शनिवार. हातातलं काम: भाऊंच्या गळ्यावर दुहेरी शिलाई.

भाऊ म्हणजे आमच्या बोरीवलीतल्या वॉर्डाचे भाऊ. ते नाक्यावर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर होते. वाढदिवस झाला, फ्लेक्स उतरला, सोसायटीच्या वॉचमनने पावसाळाभर तो पाण्याच्या पंपावर झाकला आणि पावसानंतर मी मागून आणला. आमच्याकडे रेशमी साडी एक वेळ वाया जाईल, फ्लेक्स जात नाही.

मला तो शिडाला ठिगळ लावायला हवा होता. मी विंडसर्फिंग करते. म्हणजे पाण्यावर एक लांब फळी तरंगते, फळीवर शीड उभं असतं आणि शिडाचा दांडा धरून मी उभी असते. (निदान मधूनमधून.) आम्ही पाच जण दर रविवारी मनोरीच्या खाडीत हा उद्योग करतो. सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. सर्वांत ज्येष्ठ शेट्येकाका, मूळचे मालवणचे, त्यामुळे वाऱ्यावर शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनीच ठरवलं होतं की खाडी पुरे झाली, आता धरणाचा जलाशय आडवा पार करायचा. भिंतीपासून निघायचं आणि पलीकडच्या गावाला लागायचं. तारीख उद्याची. आणि माझं शीड बाल्कनीच्या ग्रिलमध्ये अडकून वरपासून खालपर्यंत फाटलेलं.

"चेहरा बरोबर मधोमध येतोय," नवरा म्हणाला. शिरीष चहा घेऊन मशीनपाशी उभा होता.

"छापील बाजू गुळगुळीत असते. ती पुढे ठेवली की पाणी निथळतं."

"निथळेल गं. पण भाऊ हात जोडून उभे आहेत."

"धरणाच्या मध्यावर कोण बघणार आहे?"

त्याने चहाचा घोट घेतला. आतून स्वयंपाकघरातल्या नळाची टिपटिप ऐकू येत होती. "एका वायसरचं काम आहे, करते" असं मी दिवाळीपासून म्हणत होते. वायसर आणला होता, पाना होता, फक्त रविवार मिळत नव्हता.

"एक ठरवू या," शिरीष म्हणाला. "उद्या सोबतीच्या बोटीत मी आहेच. तू अर्ध्यात दमून बोटीत चढलीस, तर ही फळी विकायची. गेलं वर्षभर मी सोफ्यावर तिरका बसतोय."

फळी आमच्या हॉलमध्ये खिडकीपासून शोकेसपर्यंत आडवी असते. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच मला राग आला.

"आणि नाही चढले तर?"

"तर जन्मभर तिरका बसेन."

मी भाऊंच्या गळ्यावर आणखी एक शिलाई मारली.

दुसऱ्या दिवशी धरणावर पोचलो तेव्हा पाण्यावर सुरकुतीही नव्हती. शेट्येकाकांनी नारळ वाढवला, शिडाकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्यो बाबा कोण?"

"ठिगळ आहे काका."

"ठिगळाक मिशी असता?"

अकराच्या सुमाराला वारा उठला आणि आम्ही निघालो. पहिल्या अर्ध्या तासात मी इतक्या वेळा पाण्यात पडले की मासे ओळख दाखवू लागले. फ्लेक्स पाणी निथळवत नाही, हे मला तिथे कळलं. तो पाणी धरतो. ओल्या शिडासकट भाऊंना पाण्यातून उभं करणं म्हणजे झोपलेल्या नवऱ्याला रविवारी सकाळी उठवणं. दोरी ओढायची, कमरेतून मागे रेलायचं, भाऊ अर्धे वर यायचे, हात जोडलेले दिसायचे आणि पुन्हा तोंडावर पडायचे.

बाकीचे चौघे पुढे गेले. माझ्या मागे फक्त बोट होती. बोटीत शिरीष, अंगात नारिंगी जॅकेट, मांडीवर पोह्यांचा डबा. पोहे मीच पहाटे केले होते. डबा बोटीत ठेवण्याची कल्पनाही माझीच.

"नंदा, गरम आहेत अजून."

"असू देत."

"वर ओलं खोबरं आहे."

"मीच खवलंय, मला माहीत आहे!"

तो शांतपणे खात राहिला. चमच्याचा आवाज पाण्यावर फार लांब जातो.

आणि मग वारा फिरला. पाठीमागून असा काही आला की भाऊ एकदम ताठ झाले. साध्या शिडातून वारा थोडा निसटतो, फ्लेक्समधून एक झुळूक जाईल तर शपथ. मी शेट्येकाकांच्या अंगावरून गेले. "गो बाय, सवकास! थांब गो!" काका ओरडले. थांबायचं कसं, हे खाडीत कधी शिकलेच नव्हते, कारण तिथे मी आपोआप थांबत असे. पडून.

आतल्या बाजूने मला फक्त पांढरा फ्लेक्स दिसत होता. गावाला पुढची बाजू दिसत होती. गावाच्या दृष्टीने पाण्यावरून हात जोडून, मिशीत हसत, एक भला मोठा माणूस वेगाने त्यांच्याकडे येत होता. खाली फक्त दोन बायकी पाय.

काठावर धुणं धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी ओरडलं, "प्रचार आला!" बघता बघता अर्धं गाव जमलं. कुठूनतरी ताशा आला. (लग्नसराई असल्याने तो तयारच होता.)

काठ हाकेच्या अंतरावर आला आणि वारा पडला. पडला म्हणजे मेलाच. मी फळीवर उभी, दांडा धरून, जागच्या जागी डुलतेय. तेवढ्यात काठावरून एक होडी सुटली. तिच्यात पागोटं घातलेला एक म्हातारा होता. जवळ येऊन त्याने आदराने हात पुढे केला.

"या ताई, बसा."

"नको, मी अशीच येते."

"अहो, पाव्हण्या बाईनं असं उभ्यानं यायचं? गावाची काय शोभा राहिली? बसा."

"बाबा, मला होडीत बसून चालत नाही."

"नवस हाय काय?"

"नवसच समजा."

मागून बोट येऊन पोचली होती. "बस की गं," शिरीष अत्यंत प्रेमळ आवाजात म्हणाला. "एवढं म्हणतायत तर. मान ठेवावा माणसाने." त्याच्या डोळ्यांत मला सरळ ठेवलेला सोफा दिसत होता.

मी दांडा आणखी घट्ट धरला. म्हाताऱ्याने थोडा विचार केला, मग काठाकडे वळून हाक दिली, "ताईंचा नवस हाय! फळीसकट आणा!"

चार गडी छातीभर पाण्यात उतरले. त्यांनी चार बाजूंनी फळी धरली आणि ओढायला सुरुवात केली. वर मी, माझ्यापुढे भाऊ, समोर ताशा. गणपती पाण्यात जाताना लाखो लोकांनी पाहिला असेल, पाण्यातून परत येणारा बहुधा मी एकटीनेच. कुणीतरी "भाऊंचा विजय असो" म्हणालं आणि कुठले भाऊ हे न विचारता सगळ्यांनी साथ दिली.

काठावर सरपंचबाई उभ्या होत्या. त्यांनी मला कुंकू लावलं, भाऊंकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "हे आपल्या भागातले नव्हेत ना?"

"नाही. बोरीवलीचे."

"मग इथं कशाला?"

"शीड फाटलं होतं म्हणून."

ताशा थांबला. माझा चेहरा कुंकवापेक्षा लाल झाला असावा. सरपंचबाई मात्र ढिम्म हलल्या नाहीत.

"असू द्या. मागच्या वेळी आमचे आले होते, त्यांच्याकडंबी नुसता फोटोच होता. आता आलाच आहात, तर तो नळ बघा." घाटावरच्या सार्वजनिक नळाकडे त्यांनी बोट दाखवलं. "वरीस झालं गळतोय. ज्येला त्येला सांगितलं. सगळे म्हणतात, बघतो."

मी जाऊन पाहिलं. वायसर गेला होता. माझ्या कमरेच्या पिशवीत शिडाच्या डागडुजीचं सामान असतं: दोरा, पाना, आणि तळाशी तो दिवाळीपासूनचा वायसर. जेवढ्या वेळात बाकीचे चौघे काठाला लागले, तेवढ्यात नळ गळायचा थांबला.

"आश्वासन न देता काम करणारी ही पहिलीच," सरपंचबाई गावाला म्हणाल्या, आणि ताशा पुन्हा सुरू झाला.

उरला फळीचा निकाल. शिरीषचं म्हणणं, लोकांनी ओढत आणलं, ते धरायचं नाही. शेट्येकाकांनी भिजलेल्या मिशीवरून हात फिरवला. "तिचो पाय होडयेक लागलो?"

"नाही, पण..."

"मगे झाला. पोहे उरलेत काय?"

पोहे उरले नव्हते.

सोमवारी सकाळी मी फळी पुसून हॉलमध्ये होती तिथे ठेवली. शिरीष सोफ्यावर तिरका बसून पेपर वाचत होता. आत नळ टिपटिपत होता, थोडा जास्तच.

"ताई," तो पेपरातून वर न बघता म्हणाला, "आमच्याही वॉर्डात या एकदा."

"बघते," मी म्हणाले, आणि आत जाऊन भरलेल्या बादलीच्या जागी रिकामी ठेवली.