चटईखालचे अलापाती मास्तर

"मारलं की लगेच कळतं, बोलत बसलं की संध्याकाळ होते," असं अलापाती मास्तर एकदा म्हणाले होते. तेव्हा त्यांच्या हातातल्या पेरूच्या काठीला कुणाच्या तरी पोटरीचं रक्त होतं आणि ते ती गवताला पुसत होते.

आमच्या वाइतोआ गावाच्या रग्बी संघाला त्यांनी बावीस वर्षं शिकवलं. दिवसभर ते लोकांच्या घरांचे खांब रोवत, छपरं ठोकत, आणि चार वाजता मैदानावर येत. सवाई बेटाच्या आमच्या बाजूला मैदान म्हणजे लाव्हाच्या काळ्या दगडावर अंथरलेली मूठभर माती. पडला तो सोलून निघतो. अकरा वर्षं मी या पोरांच्या जखमांवर पट्ट्या बांधल्या. दगडाचा ओरखडा वाकडातिकडा असतो, काठीचा वळ सरळ. बोटानं चाचपूनसुद्धा मला फरक कळे.

टॅकल चुकला, पळता गडी धरून पाडता आला नाही, की काठी. उशीर झाला की काठी. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ खांद्याला खांदा भिडवून रेटतात तेव्हा, पाठ वाकली नाही तर मास्तर स्वतः पाठीवर चढून उभे राहत, आणि खालचा माणूस मातीत तोंड खुपसून श्वास शोधत असे. जिंकल्यावर ते काही बोलत नसत, फक्त त्या दिवशी काठी कुंपणाला टेकवून ठेवत.

"मास्तर आज हसले रे!"

"हसले नाहीत. दातात काटा अडकलाय माशाचा."

पोरं असं कुजबुजत, पण दुसऱ्या दिवशी चार वाजता सगळी हजर असत. कारण एकाची आई गेली तेव्हा मास्तरांनी न सांगता शवपेटी करून आणली होती, आणि न बोलता ठेवून गेले होते. मास्तरांचा बाप त्यांना होडीच्या ओल्या दोरानं मारी आणि मग त्याच दोरानं दोघं मिळून होडी बांधत. नातं म्हणजे एवढंच असतं, असं ते त्यातून शिकले असावेत.

त्या वर्षी राजधानीतून, अपियाहून, एक बाई आल्या, प्रशिक्षकांना शिकवायला. खेळाडूशी कसं बोलावं, त्याचा विश्वास कसा मिळवावा. चर्चच्या सभागृहात दोन दिवस वर्ग चालला. किनाऱ्यावरच्या सगळ्या संघांचे प्रशिक्षक आणि कर्णधार होते. आमचा कर्णधार मासोए मागच्या रांगेत मांडी घालून बसला होता. चोवीस वर्षांचा, मानेनं जाड, बोलायला मऊ.

"खेळाडूला विचारा," बाई म्हणाल्या. "तो सांगेल ते पूर्ण ऐका. एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोला."

"बाई," अलापाती म्हणाले, "आमच्याकडे धाकट्यानं थोरल्याच्या डोळ्यांत बघितलं, तर मग त्याला जमिनीवरचे दात वेचावे लागतात."

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. "मग दात पडायच्या आधी ऐकून घ्या, मास्तर."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी ते मनावर घेतलं. हे मी पैज लावून सांगेन, कारण पुढच्याच आठवड्यात आम्ही सालेफाओ गावाकडून हरलो, चेंडू अकरा वेळा हातातून सुटला, आणि गुरुवारी मास्तरांनी कुणालाही मारलं नाही. पोरांना गवतावर बसवलं. स्वतः दगडावर बसले. काठी मांडीवर आडवी.

"बोला," म्हणाले. "चेंडू का सुटतो? मी ऐकतोय."

वीस जण आपापल्या पायांची बोटं बघत राहिले. आमच्यात थोरल्या माणसानं रागावून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नसतं. खाली घातलेली मान हेच उत्तर. मास्तरांनीही बापाला जन्मभर तेच दिलं होतं. पण त्या दिवशी त्यांना शब्द हवे होते.

"बोला! का जीभ गिळलीत? एकेकाला बोलता करू?"

काठी जमिनीवर आपटली. तिचं टोक उकललं.

मासोए उठून उभा राहिला. मोठा माणूस बसलेला असताना त्याच्यासमोर उभं राहायचं नसतं. शिवाय त्यानं मास्तरांच्या डोळ्यांत बघितलं. तो शिकवलेलंच करत होता.

"मास्तर, चेंडू आमच्या हातातून..."

एवढंच झालं. मास्तर कधी उठले मला दिसलं नाही. पहिला फटका मानेवर बसला, दुसरा कानावर. तिसऱ्या वेळी उकललेलं टोक डाव्या डोळ्यात गेलं आणि काठी तिथं क्षणभर अडली. मासोए गुडघ्यांवर आला. दोन्ही हात तोंडावर. बोटांच्या फटीतून रक्त आणि रक्ताहून पातळ काहीतरी वाहत होतं. तशातही त्यानं वाक्य पुरं केलं, हळू, जणू ते अर्धं टाकणं बेअदबीचं होईल.

"...सुटतो, कारण आमचं लक्ष चेंडूवर नसतं, काठीवर असतं."

मास्तर अजून मारतच होते, ओरडतच होते. खांद्यावर, पाठीवर. आम्ही चौघांनी त्यांना धरलं तेव्हा त्यांचा घसा ओरडून बसला होता.

डोळा गेला.

गावाच्या पंचायतीनं दोन वाक्यांत निकाल दिला. मासोएच्या घरानं माफ केलं तर अलापातीनं गावात राहावं आणि संघाचं संघानं ठरवावं. नाही केलं तर त्याचं घर जाळावं, टारोच्या कंदांची लागवड उपटावी आणि त्याला हाकलावं.

रविवार सोडून सोमवारी, पक्षी जागे व्हायच्या वेळी, मास्तर मासोएच्या घरासमोर येऊन बसले. माफी मागायच्या आमच्या रीतीप्रमाणे घरच्यांनी त्यांच्यावर आपल्याकडची सगळ्यांत जुनी, रेशमासारखी बारीक विणलेली चटई पांघरली. पुढ्यात चुलीचं लाकूड ठेवलं आणि भट्टीचे दगड. म्हणजे, हवं तर भाजून खा. मागे त्यांचे थोरले भाऊ उएले आणि घरचे, माना खाली घालून. चटईखालच्यानं बोलायचं नसतं.

सूर्य वर आला. घरातून कुणी आलं नाही. मग मासोएचा भाऊ सामासोनी आला, हातात कोयता घेऊन.

"आता बोल ना, मास्तर! आता शिकव!"

चटई हलली नाही. त्यानं पुढ्यातलाच दगड उचलून हाणला. आतून हाडावर आपटल्याचा आवाज आला. दुसरा दगड. मग लाथा. चटईवर एक तपकिरी ठिपका उमटला आणि पसरत गेला. कोयता वर गेला तेव्हा उएलेंनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. घरातून मासोएची आई सिएनी धावत आली आणि तिनं मुलाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"बास. माझ्या घरातला एक डोळा गेला, तेवढं पुरे."

तिनंच चटई उचलली. मास्तरांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत रक्त होतं.

त्यांना आत घेतलं. खांबांना टेकून दोन्ही घरं समोरासमोर बसली. उएलेंनी माफी मागितली, मासोएच्या कुळाचे प्रमुख सुआताले यांनी ती स्वीकारली. भाषणं लांबली, कोकोचे पेले फिरले. अलापाती गावात राहणार हे ठरलं.

"आणि संघाचं?" उएलेंनी विचारलं. "गावाशिवाय अलापाती जगेल. संघाशिवाय नाही."

"ते कर्णधारानं सांगावं," सुआताले म्हणाले.

मासोए कोपऱ्यात होता. डोळ्यावरची पट्टी मीच बांधली होती. त्यानं बसायच्या चटईचा काठ चाचपला.

"पोरं येतील," तो म्हणाला. "मीही येईन. माझ्या मनात राग नाही. पण आधी मास्तरांनी फक्त एक सांगावं. त्या दिवशी त्यांनी विचारलं आणि मी उत्तर दिलं. मी काय म्हणालो होतो?"

सामासोनीनंसुद्धा मान वर केली.

मास्तरांचे ओठ उघडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग उएलेंकडे. कपाळाला भेग पडेल इतकं ते आठवत होते. मला ते वाक्य पाठ होतं. तिथं बसलेल्या निम्म्या गावाला पाठ होतं. मी सांगू शकलो असतो, ओठ नुसते हलवले असते तरी चाललं असतं. मी हलवले नाहीत.

"सांगा, मास्तर," मासोए म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखर विनवणी होती. "अर्धं आठवलं तरी चालेल."

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. जमिनीला हात टेकून ते उठले. बसलेल्यांमधून जाताना आमच्यात वाकायचं असतं आणि माफ करा म्हणायचं असतं. ते वाकले, पार कमरेत वाकले, आणि एक शब्दही न बोलता बाहेर गेले.