मेंढीवरचा व्यायाम

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण तीत मी शहाणा दिसत नाही.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका दवाखान्यात मी लहान मुलांना व्यायाम देत असे. सांगोल्याकडची एक धनगर बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन यायची. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाल्यानं मुलीचे पाय ताठ, कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. मी ते ओढायचो, मुलगी किंचाळायची आणि बाई मलाच म्हणायची, "दमला की वो तुमी." पाय सरळ राहावेत म्हणून घरी पायांना बांधायला मी लाकडी फळ्याही दिल्या होत्या.

तीन महिन्यांनी मुलगी भिंतीला धरून उभी राहिली. मी ऐटीत विचारलं, "फळ्या रोज बांधता ना?"

"व्हय की. कोकराचा पाय मोडला हुता, त्याला बांधल्या. लई गुण आला."

"आणि मुलीला?"

"तिला मेंढीवर बसवते, दोनीकडं पाय सोडून. तुमी वडता डाक्टर, तवा ती पाय आवळून घेती. मेंढी चालली की हसती, मग पाय आपसूक ढिलं पडत्यात."

बाकावर नंबराची वाट पाहणारी माणसं हसली. मी तिला सगळ्यांदेखत अडाणी म्हणालो आणि केसपेपरवर लिहिलं, 'फळ्यांमुळे सुधारणा.' ती पुन्हा आली नाही.

पुढे एका प्रशिक्षणात हेच शिकवलं गेलं: असे पाय ओढले की जास्त आवळतात, मूल पाय फाकवून डोलत बसलं की सैल पडतात. मग मीही मुलांना लोडावर दोन्हीकडे पाय सोडून बसवू लागलो.

एकदा सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात ती मेंढ्या विकताना दिसली. 'बाई, तुमचं बरोबर होतं, मी चुकलो,' एवढंच म्हणायचं होतं. मी तिला मेंढीचा भाव विचारला आणि परत आलो.