गाडी येईपर्यंत

त्या दुपारी बीडजवळच्या पालीच्या पुढे घाटात अमोनियाचा टँकर उलटला आणि वाऱ्याबरोबर तो वास आमच्या वस्तीत शिरला. डोळे चुरचुरत होते, घसा जळत होता. तहसील कचेरीतून साहेबांचा फोन आला, "दारं-खिडक्या लावून घरातच बसा, तुम्हाला न्यायला गाडी पाठवतोय."

ओले पदर तोंडाला लावून आम्ही बायका बसून राहिलो. पुरुषमाणसं बीडला बाजाराला गेलेली. गाडी काही येईना. सासूबाईंना दमा, त्यांची छाती घरघरायला लागली तशी मीच परत फोन लावला.

"गाडी निघालीय. बाहेर पडलात तर जबाबदारी तुमची," साहेब म्हणाले.

"आजवर कुणाची व्हती?" म्हणत मी फोन ठेवला.

थोरल्या जाऊबाई ऊसतोडीला गेल्या असताना ट्रॅक्टर चालवायला शिकल्या होत्या. त्यांनी घरचा ट्रॅक्टर बाहेर काढला. आम्ही सासूबाईंना बाजेसकट ट्रॉलीत चढवलं, लेकरं घेतली, दावणीची जनावरं मोकळी सोडली आणि घाटाकडं पाठ करून शेतातल्या वाटेनं कपिलधारच्या देवळापाशी पोचलो. तिथं मोकळा श्वास आला.

संध्याकाळी गाडी आम्हाला शोधत देवळापाशी आली. साहेब चिडलेले.

"सांगितलेलं ऐकायला काय झालं?"

सासूबाई बाजेवर उठून बसल्या. "ऐकलं असतं तर आता कुणाला न्यायला आला असता, बाबा?"

त्या गाडीत आमच्यापैकी एकही बाई चढली नाही. वास ओसरल्यावर ट्रॅक्टरनंच घरी परतलो. दोन शेळ्या तेवढ्या त्या वासानं मेल्या होत्या.