दुपारचा भोंगा

बामाचा वास आला की सातपूरचा तो तालमीचा हॉल आठवतो आणि अजून डोकं फिरतं. नाट्यस्पर्धा पंधरा दिवसांवर, आणि मलेशियातलं पारंपरिक नृत्यनाट्य शिकून आलेल्या बाई आम्हा कामगार नटांना तासभर मांडी घालून नुसते हात हळूहळू वर न्यायला लावत. पाय पार बधिर व्हायचे, मग सगळे बाम चोळत बसायचे. "बाई, संवाद कधी घ्यायचे?" मी वैतागून विचारलं. "आधी शरीर ताब्यात येऊ दे." तेवढ्यात शेजारच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीचा भोंगा वाजला आणि आम्ही सगळे ताडकन उठून हात धुवायला नळाकडे निघालो. डबा एकानेही आणला नव्हता. बाई एवढंच म्हणाल्या, "बसा." रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी भोंगा वाजला की साले पाय मला न विचारता नळाकडे निघतात.