उद्यानातली उलटतपासणी

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात विश्वास ठेवला तो फक्त स्वतःच्या संशयावर. डॉक्टरनं दिलेली गोळी ते दुसऱ्या डॉक्टरला दाखवून मगच घेतात. माझ्या लग्नाआधी मी खरंच नोकरीला आहे का हे बघायला ते बजाजनगरला कंपनीच्या गेटसमोर चहा पीत बसले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चौकशी पूर्ण झाल्याचं त्यांनी मला अजून कळवलेलं नाही.

अशा माणसाच्या दारासमोर महापालिकेनं उद्यान केलं. दिल्लीत मोठ्या पदावर पोचलेले एक नेते विद्यार्थी असताना याच गल्लीत खोली घेऊन राहायचे, त्यांच्या नावाचं. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, उद्घाटनापासूनच संशय. गल्लीतले नळ कोरडे आणि इथली हिरवळ ओली कशी, म्हणून ते पहाटे पाइपाच्या मागं मागं चालत गेले. पुतळ्याचा चष्माही त्यांना दुसऱ्याच कुणाचा वाटतो.

पण खरा राग दावेदारांवर. साहेब आमच्याच घरी जेवायचे, असं सांगणारी माणसं बाकाबाकावर उगवली. मामा त्यांच्या शेजारी बसत, सुपारी पुढं करत आणि सहज विचारत, "सायेबांना भाजी कंची आवडायची?" कुणी भरली वांगी सांगे, कुणी शेवग्याच्या शेंगा. बिडकीनच्या एका गृहस्थानं तर भाजी सोडून मटण सांगितलं. मामा मान हलवत घरी येत आणि सगळे लबाड असल्याचं जाहीर करत.

मग खरं उत्तर काय, हे मी एकदा विचारलं. माझ्या हेतूचा बराच वेळ अंदाज घेऊन त्यांनी सांगितलं. त्यांची आई गल्लीत खानावळ चालवायची. मामांचा जन्म व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. साहेब आपल्याकडं जेवायचे आणि करडईची भाजी ताटात कधी उरू द्यायचे नाहीत, असं ती म्हातारपणी सांगायची. पण तिची करडईची भाजी घरात कुणाच्याच घशाखाली उतरत नसे. म्हणून मामांनी तिला तोंडावर खोटी ठरवलं. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही, आणि काही दिवसांनी ती गेली. आता एखाद्यानं तरी करडई म्हणावं, एवढ्यासाठी मामा बाकाबाकावर फिरत होते. मला फार वाईट वाटलं.

परवा खुलताबादहून आपा आल्या. त्या मामांहून बऱ्याच मोठ्या; त्यांच्या लहानपणी त्यांचं घर खानावळीच्या भिंतीला लागून होतं. मामांनी त्यांनाही सोडलं नाही.

"करडई, और क्या," आपा म्हणाल्या. "पण आवडायची नाय रे. खिडकीतून आमच्या बकरीला घालायचे. ताट रिकामं बघून तुझी माय लई खूश व्हायची, म्हणून आम्ही कुणी बोललो नाय."

मी हसलो. मामा हसले नाहीत.

"म्हंजी माय खरं सांगत व्हती," ते म्हणाले. "अन् मी तिला खोटी म्हणलो."

त्यानंतर भाजीचा प्रश्न बंद झाला. काल एक तरुण सांगत आला, की साहेबांना ताप आला तेव्हा काढा त्याच्या आजीनं दिला होता. मी तयारीत बसलो. मामांनी फक्त आजी अजून आहे का, एवढं विचारलं. तो हो म्हणाला.

"मग घरी जा. ती सांगती ते ऐक. उलटं काही विचारू नको."

तो गेल्यावर मामा अंधार पडेपर्यंत तिथंच बसून होते.